रिकाम्या चौकटींचे गुण

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू अजून मार्क देतेस का?" आता नाही देत. शेवटचे दिले ते करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा, आणि त्यात माझी एक चूक झाली. ती तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते.

शहरातल्या शाळांच्या वार्षिकांकांची स्पर्धा असायची. वर्षभरात शाळेत काय झालं त्याचे फोटो, मुलांचे लेख, कविता. परीक्षक आम्ही दोघं: मी, तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, आणि आमच्या दर्पण कॉलनीतलेच एक चित्रकलेचे सर. त्या खेपेला चौदा अंक आले. थंडी होती, म्हणून आमच्या गच्चीवर उन्हात बसायचो.

बोर्डाचे पेपर तपासताना मी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचे, मग सगळ्यांचा दुसरा. हात सारखा राहतो. अंकही तसेच घेतले. आधी चौदाही अंकांचे फोटो. वीसपैकी सातच्या खाली गेला तो अंक बाद; त्याचं पुढचं वाचायचं नाही, प्रदर्शनातही ठेवायचा नाही. हा नियम माझाच.

टोपी बाजाराजवळच्या एका छोट्या शाळेचा अंक असा बाद झाला. बारावीच्या वर्गाचा फोटो म्हणून मोबाइलवर काढलेले एकेकाचे चेहरे ओळीने लावले होते, आणि मधेमधे नऊ चौकटी कोऱ्या. मी शेरा लिहिला, 'छपाई अपुरी', आणि चार गुण दिले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर सर चहा पीत तोच अंक वाचत बसलेले.

"सर, तो झाला आपला."

"तुमचा झाला, बाई. माझा चहा व्हायचाय. पान एकतीस पाहिलंत?"

"नियमाप्रमाणे पाहायचं नव्हतं."

"मग मी मोठ्यानं वाचतो. तुम्ही नियमाप्रमाणे ऐकू नका."

इथल्या शाळा हिंदी, त्यामुळे संपादक मुलीनं हिंदीतच लिहिलं होतं. शाळा बंद असताना वर्गातल्या नऊ जणांशी संपर्क तुटला. कुणी गावी गेलं ते परतलं नाही, कुणाच्या घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर. फोटोतली त्यांची जागा आम्ही भरून काढली नाही. शेवटी दोन ओळी होत्या: आमच्या हातून निघालेला हा पहिला आणि शेवटचा अंक. मार्चनंतर आम्ही शाळेत नसू.

"द्या पंधरा आणि घ्या आत," सर म्हणाले.

"आणि बाकीच्या तेरांचं काय?"

मी ते तेराही पुन्हा काढले. सगळ्यांत वर असलेल्या अंकात क्रीडादिनाचे झकास रंगीत फोटो होते. मी अठरा दिले होते. पण ज्या वर्षाचा तो अंक, त्या वर्षी शाळांची मैदानंच बंद होती. फोटो जुने होते, आणि ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

सगळे गुण खोडले. 'कार्यक्रमांची छायाचित्रे' या रकान्यावर काट मारून लिहिलं, 'वर्ष जसं गेलं तसं दिसतं का?' आयोजकांना कारण कळवलं, आणि एकेक अंक हातात घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. पाच दिवस लागले. सर कुरकुरत का होईना, रोज आले.

छोट्या शाळेचा अंक चौथा आला. बक्षिसं तीनच होती. पण तो प्रदर्शनात टेबलावर होता, आणि लोक उभं राहून वाचत होते. तिथं दोन वेण्या घातलेली एक मुलगी माझ्यापाशी आली. संपादक तीच. मराठीत हिंदी मिसळत तिनं विचारलं,

"मॅडम, सच सांगा. मार्क दया करून तर नाही ना दिले?"

"दया केली असती तर चौथा आला असता का?"

मी तिला गुणपत्रक दाखवलं. फोटोंना सोळा. अनुक्रमणिकेत चार पानं चुकली होती, त्याचे चार गुण कापले होते. तिनं अंक उघडला आणि एकेक पान ताडून पाहिलं.

"तीन चुकली आहेत. पान बारा तर सही आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. तिचं बरोबर होतं. तिच्यासमोरच एक गुण वाढवून खाली सही केली. नंबर चौथाच राहिला.