राधाकृष्ण सरांचा मेलेला घोडा

राधाकृष्ण सर इंग्रजी शिकवून शिकवून थकले होते, आणि ते लपवायचे कष्टही आता घेत नसत. बावीस वर्षं मिरजगावात काढलेली. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचे इंग्रजी वाक्प्रचार मलाही पाठ झाले होते.

ते पोरांच्या गळी उतरवायची सरांची एक रीत होती. प्रत्येकाला गावातला एक माणूस जोडायचा. मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळणं म्हणजे राहीबाई: पहाटे लोकांची दळणं, दिवसभर दुष्काळी कामावर खडी. ‘टु फ्लॉग अ डेड हॉर्स’, मेलेल्या घोड्याला चाबूक मारणं, म्हणजे कोरड्या विहिरीत तिसऱ्यांदा सुरुंग लावणारा रंगनाथ. पोरं हसायची, सर हसायचे नाहीत.

बहात्तरच्या मॅट्रिकला घात झाला. अर्थ लिहा म्हटल्यावर पोरांनी सरळ ‘राहीबाई’ लिहून टाकलं. परीक्षकाला राहीबाई कुठून ठाऊक असणार? आधीच काठावरची पोरं; इंग्रजीत अख्खा वर्ग नापास. संस्थेनं कळवलं, पुढच्या वर्षी एकही पास झाला नाही तर अकरावी, म्हणजे मॅट्रिकचा वर्गच, बंद. मग शिकायला तालुक्याला, कर्जतला, आणि तिकडे मुलींना कोण धाडतं?

सरांनी माणसं सोडली आणि गाईड धरलं. अर्धा वर्ग खडी फोडायला गेलेला. उरलेल्यांकडून ते गाईडातली वाक्यं घोकून घ्यायचे. भिंतीपलीकडून ऐकून माझाच जीव विटला.

फेब्रुवारीत शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसून प्रिलिमचे पेपर तपासताना सर एका पानावर थांबले. पेपर राहीबाईच्या मुलीचा, विजयमालेचा. घोड्याच्या वाक्प्रचारावर तिनं इंग्रजीत वाक्य केलं होतं: आमचे सर रोज मेलेल्या घोड्याला चाबूक मारतात.

त्यांनी तिला बोलावलं. "हे कोणत्या गाईडातलं?"

"गाईडातलं न्हाई, सर." ती खाली बघत होती. "तुमाला रोज बघते ना."

ती गेल्यावर मी म्हणालो, "सर, एक तरी मार्क कापा." मला खरंच राग आला होता.

"कुठून कापू? बावीस वर्षांत कुणी स्वतःच्या मनानं लिहिलेलं हे पहिलंच वाक्य." त्यांनी दोनपैकी दोन दिले.

जूनमध्ये इंग्रजीत विजयमाला एकटीच पास झाली, अडतीस मार्कांनी. अकरावी वाचली. मी सरांना चिडवलं, "घोडा उठला की."

"कान हलला, एवढंच," सर म्हणाले, आणि खडू घेऊन नव्या वर्गावर गेले.