उबेदचा पासपोर्ट आणि आंबेनळीची चौकी

नसीबाचाचीपुढे माणसाने डोक्याला हात लावून बसावं, दुसरं काही नाही. आणि तिच्याहून जास्त वैताग आमच्या आमदारसाहेबांचा. १९९८च्या मार्चमध्ये या दोघांच्या कात्रीत मी सापडले, कारण साहेबांच्या महाडच्या कार्यालयात टाइपरायटरवर बसणारी मीच.

चाचीचा बाप बोटीवर, नवरा मुराद कुवेतला ड्रायव्हर. घरातल्या पुरुषांची वाट बघण्यातच तिचं आयुष्य गेलं, पण कुरकुर नाही. उलट पुरुष बाहेर असणं हीच तिच्या लेखी घराची इज्जत. आता मुरादची कंबर गेली होती. मालकाने त्याच्या जागी मुलाला, उबेदला, घ्यायचं कबूल केलं होतं, पण त्याची निघायची तयारी मार्चअखेरपर्यंत व्हायला हवी होती. पासपोर्ट अडला होता तो फक्त पोलिसांच्या अहवालापायी.

तो का अडला, तेही ऐका. हवालदार चौकशीला घरी आला तेव्हा उबेद माडीवर झोपला होता. चाचीने हवालदाराला सरबत दिलं, खजूर दिले आणि ऐटीत सांगितलं, "पोरगा मुंबईला असतो. कामाला हाय." हवालदाराने सरबत संपवलं आणि लिहून टाकलं, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

"चाची, असं कशाला सांगितलंत?" मी ओरडलेच.

"मग काय सांगू गो? जवान पोरगा भर दुपारी घरात लोळतोय म्हणून? आमच्यात कोण सांगत नाय तसं."

खरंच सांगत नाहीत. त्या मोहल्ल्यात बेकार पोरगा नसतोच; तो मुंबईला असतो.

आता साहेबांचं. आदल्या वर्षी विधानसभेतल्या एकाच भाषणात त्यांच्या दोन मागण्या होत्या. घाटाच्या सुरक्षेसाठी निधी, म्हणजे आंबेनळीला पोलीस चौकी, जीप, वायरलेस. आणि आखातात जाणाऱ्या आपल्या मुलांची पासपोर्टची चौकशी लवकर व्हावी. भाषण मीच टाइप केलेलं. पण चौकी पदरात पडावी म्हणून साहेबांनी तिथे उभ्या उभ्या भर घातली, की कोण कुठे राहतं याची खात्री पटल्याशिवाय पोलिसांनी एकही पासपोर्ट सोडू नये. बाकं वाजली, चौकीला पैसे मिळाले. दुसऱ्या मागणीवर मंत्री म्हणाले, तपासून पाहू. तेव्हापासून एकदा 'नाही' लिहिलेल्या माणसाची जबाबदारी घ्यायला ठाण्यात कोणी धजेना.

चाची रोज येऊन बाकावर बसायची. साहेब "होईल, होईल" म्हणत आत जायचे. फेरचौकशीला हवालदार मोकळा कुठे होता? आधी चवदार तळ्यावर आमच्या वीस मार्चचा बंदोबस्त, मग चौकीच्या उद्घाटनाचा. शेवटी वैतागून मी चाचीला घेऊन उद्घाटनालाच गेले.

साहेब सुरक्षेवर मनसोक्त बोलून खाली उतरले. तोच हवालदार गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपाशी उभा होता. मोहल्ल्यातली निम्मी माणसं टाळ्या वाजवायला जीपमधून आणलेली, उबेदही त्यांच्यातच. मी चाचीला पुढे केलं. म्हटलं, सांगा आता खरं काय ते.

चाचीने डोक्यावरचा पदर घट्ट धरला. "हवालदारसाहेब, मी खोटं बोलली. माझा पोरगा घरातच हाय. काम नाय, धंदा नाय, झोपून असतो. तसं लिवा."

कोणीतरी फिसकन हसलं. चारचौघांत गळ्याशी आल्यावर साहेबांनी हवालदाराला फर्मावलं, "परवा जाऊन ये." मला वाटलं, जिंकलो.

हवालदार ठरल्या दिवशी खरोखर गेला. मीही सोबत गेले. घरात चाची एकटीच. उबेद आदल्या दिवशी पहिल्या एसटीने मुंबईला निघून गेला होता, कुठल्याशा गोदामात माल उचलायला. भर सभेत आईने अब्रू काढली, आता मोहल्ल्यात तोंड दाखवणार नाही म्हणाला. पत्ताही ठेवला नव्हता.

"अर्जदार कुठाय?" हवालदाराने विचारलं.

मला साहेबांचा राग आला, त्या उबेदचा आला, वही उघडून उभ्या असलेल्या या माणसाचा आला. आणि जन्मात पहिल्यांदा वाटलं, चाचीने आता खोटं बोलावं. बाजारात गेलाय म्हणावं, मासे आणायला गेलाय म्हणावं, काहीही म्हणावं.

चाचीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मागं लिवलं होतं तेच लिवा," ती म्हणाली.