ड्राइव्हच्या पोटातला नंबर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की, खोटं कशाला बोलू, छाती फुगते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयातून टेप ड्राइव्ह चोरीला गेला होता. सर्व्हरमधली रुग्णांची माहिती टेपवर उतरवून ठेवणारं हे यंत्र. खोलीची किल्ली संगणक ऑपरेटरकडे असायची, म्हणून व्यवस्थापनाने फिर्यादीत थेट त्याचंच नाव घातलं. तापीकाठच्या गावचा तरुण. त्याचे वडील माझ्या पोलीस ठाण्यात येऊन उभे राहिले.

"साहेब, मन्हा पोऱ्या चोर नही शे. गावमा तोंड दखाडाले जागा ऱ्हायनी नही."

बापाच्या शब्दावर मी कुणाला सोडत नसे. पण अटकेचीही घाई केली नाही.

मग खबऱ्याची टीप आली. तळोद्यातल्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात तसाच ड्राइव्ह विकायला होता. पंच घेऊन आम्ही गेलो. दुकानदार अगदी निवांत. रुग्णालयाच्या यंत्रांची देखभालही त्याच्याकडेच होती. त्याने बिल पुढे केलं.

"बिल दखा, नंबर दखा. माल मन्हा शे."

बिलावरचा आणि ड्राइव्हच्या स्टिकरवरचा नंबर तंतोतंत जुळत होता. रुग्णालयाच्या बिलावरचा वेगळा होता. माझे शिपाई हिरमुसले. पण गुजरातच्या हद्दीवर मोटरसायकल चोर पकडण्यात माझी हयात गेलेली. आम्ही नंबरप्लेटवर कधी विसंबत नाही, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चॅसी नंबर बघतो. सोबत सायबर शाखेच्या महिला हवालदार होत्या. त्यांना विचारलं, "बाई, याला चॅसी नंबर नसतो का?"

"असतो सर. ड्राइव्हच्या आतच साठवलेला असतो. सर्व्हरने विचारला की ड्राइव्ह सांगतो."

दुकानात दोन सर्व्हर होते, एक विंडोज प्रणालीवर चालणारा, दुसरा लिनक्सवर. पंचांसमोर, चित्रीकरण सुरू ठेवून, बाईंनी ड्राइव्ह आधी विंडोजच्या सर्व्हरला जोडला. यादीत नुसतं यंत्राचं नाव आलं, नंबर नाही. दुकानदार हसला. मग लिनक्सच्या सर्व्हरला जोडून त्यांनी एक कमांड दिली. पडद्यावर नंबर उमटला, तो रुग्णालयाच्या बिलावरचा.

"ते लिनक्स काहीबी सांगस, साहेब!"

साक्षीदार दोन असले की आम्ही त्यांना वेगवेगळं बसवून विचारतो. मी म्हणालो, "बाई, विंडोजलाही बोलतं करा." त्यांनी ड्राइव्ह परत विंडोजच्या सर्व्हरला जोडला आणि तो बनवणाऱ्या कंपनीचं छोटं सॉफ्टवेअर त्यात टाकलं. तोच नंबर आला.

ठाण्यात दुकानदाराने सगळं ओकलं. यंत्रांच्या सफाईच्या निमित्ताने सर्व्हरच्या खोलीत शिरून त्याने ड्राइव्ह काढला होता. पूर्वी बिलावर घेतलेल्या एका मेलेल्या ड्राइव्हचं स्टिकर सोलून याला चिकटवलं होतं.

ऑपरेटरच्या वडिलांना मी बोलावून सांगितलं. ते रडले, पण जागचे हलेनात.

"मन्हं कोनी ऐकाव नही, साहेब. तुम्हीच गावमा ईसन सांगा."

मी गेलो, वर्दीत, सरकारी जीप घेऊन. पोराला न्यायला पोलीस आले असं समजून सगळा गाव गोळा झाला. त्याच गर्दीत पोराच्या खांद्यावर हात ठेवून मी मोठ्याने सांगितलं, "याने चोरी केलेली नाही. चोर आत आहे."

चोर पकडल्याची बक्षिसं मला पुष्कळ मिळाली. पण आरोप चारचौघांत झाला असेल, तर माणूस निर्दोष आहे हेही चारचौघांतच सांगायचं असतं, हे मला त्या बापाने शिकवलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, माझ्या ठाण्यातून निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला मी स्वतः घरी सोडायला गेलो, आणि तेही दिवसाउजेडी.