दोष आढळला नाही

गुलाबराव ढोमणे यांनी आयुष्यात न पारखता एकच गोष्ट पत्करली, ती म्हणजे बायको, असं ते चारचौघांत सांगत. बाकी सगळं तपासून. हिंदी मुलखातल्या एका कारखान्याच्या भंडारात बाहेरून आलेला माल बघायचं त्यांचं काम. बेअरिंग असो, पट्टा असो की साध्या बोल्टांची पेटी, गुलाबरावांनी उलटंपालटं करून पाहिल्याशिवाय ती आत जात नसे. पाहून झालं की ते 'पास' म्हणत, नाहीतर 'वापस'. हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की घरी वरणाची वाटी तोंडाला लावली तरी ते म्हणायचे, "पास हाय." मग कलावतीबाई म्हणायच्या, "नसतं पास, त का दाणेवाल्याले वापस पाठवलं असतं?"

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, कोणाला कुकर घ्यायचा असो की शिलाई मशीन, गुलाबरावांना सोबत नेल्याशिवाय सौदा होत नसे. दुकानदार त्यांना लांबून येताना पाहूनच वैतागायचे. ग्यारंटीचं कार्ड, त्यावरची तारीख, दुकानाचा शिक्का, वस्तूवरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर, हे सगळं जुळल्याशिवाय हा माणूस खोका पिशवीत घालू देत नसे. ग्यारंटी म्हणजे दिलेला शब्द, असं त्यांचं मत होतं. शब्द न घेता माणसानं सुईसुद्धा घेऊ नये.

शौक एकच, फोटोचा. गल्लीतलं बारसं, हळदीकुंकू, मंडळाचा गणपती, सगळीकडे गुलाबराव कॅमेरा गळ्यात अडकवून हजर. जुना कॅमेरा पार थकला, तेव्हा त्यांनी मेव्हण्याला, अच्युतला, गळ घातली. अच्युत सिंगापूरला गोदीत वेल्डर होता आणि वर्षातून एकदा दसऱ्याच्या सुमारास सुट्टीवर यायचा. गुलाबरावांनी फंडातून उचल घेतली आणि सोबत सूचनांचं शेपूट लावलं. कार्ड पाहिजे, शिक्का पाहिजे, नंबर दुकानात उभं राहून ताडून पाहिजे. पंच्याऐंशीच्या दसऱ्याआधी कॅमेरा आला. जपानी, काळाभोर, हातात घेतला की वजन जाणवावं असा. गुलाबरावांनी आधी कार्ड वाचलं, मग कॅमेऱ्याकडे पाहिलं. एक वर्षाची ग्यारंटी होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं की ती विकत घेतलेल्या देशातच चालेल. त्यांनी तेही वाचलं होतं. पण वस्तू इतकी देखणी होती, की बिघडायचंच नाही तर देश कुठला याचं काय, असं ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

पहिला फोटो काढला तो मुलीचा. सुमेधासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. समोरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर तिला बसवलं, आईचं हिरवं लुगडं नेसवलं, मागे पांढरी भिंत, भिंतीवर खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर. फ्लॅश उडाला. हिंदी शाळेत शिकलेली सुमेधा म्हणाली, "बाबा, आँख बंद हो गई मेरी." पण डोळे उघडेच आले होते.

कॅम्प-१ मधल्या स्टुडिओतून गुलाबरावांनी फोटो आणला आणि सायकल तिथंच स्टँडवर ठेवून पाकीट उघडलं. सुमेधा सुरेख आली होती. तिच्या मागे कॅलेंडर मात्र नव्हतं. त्याच खिळ्यावर एक चौकटीतला फोटो टांगलेला दिसत होता. चौकट उजवीकडे थोडी कलली होती आणि तिला चंदनाचा हार घातलेला होता. काचेवर फ्लॅश असा चमकला होता की आत कोण आहे ते दिसतच नव्हतं.

ते उलट्या पावली आत गेले. क्वार्टरं सगळी एकसारखी, त्याच भिंती, त्याच खिडक्या. दुसऱ्या कोणाच्या घरचा रोल यांच्या रोलमध्ये मिसळला असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. स्टुडिओवाल्यानं फोटो उजेडात धरला. "अंकल, रोल आगे नहीं सरका होगा. एक फोटो पे दूसरा चढ़ गया. कैमरे में खराबी है."

गुलाबरावांचा जीव भांड्यात पडला. खराबी त्यांच्या ओळखीची होती. पण घरी येईपर्यंत तो पुन्हा उडाला. रोल तर नवाकोरा होता आणि हा त्यावरचा पहिलाच फोटो. आधी काही काढलंच नव्हतं, तर चढलं काय? आईवडिलांची तसबीर मोर्शीला थोरल्या भावाकडे होती. या घरात हार घातलेला एकही फोटो नव्हता. घरात माणसं तीन, आणि हार मेलेल्याला घालतात.

फोटो त्यांनी लपवला. घरात सांगितलं की बिघडला, आणि सुमेधाला स्टुडिओत नेऊन दुसरा काढवला. मग मालाची चाचणी घ्यावी तशी कॅमेऱ्याची घेतली. मैत्रीबागेत काढलेले फोटो स्वच्छ. चरोद्याला साडूच्या घरी काढलेले स्वच्छ. घरातल्या बाकीच्या भिंतीही स्वच्छ. त्या एका भिंतीसमोर कलावतीबाईंना उभं केलं, आणि त्यांच्या खांद्यामागे ती चौकट पुन्हा आली. तशीच कललेली, काचेवर तोच पांढरा डाग.

मुंबईच्या कंपनीवाल्यांना पत्र लिहिलं, त्यांनी हात झटकले. माल आमच्याकडून गेलेला नाही, ग्यारंटी तिकडची, तिकडेच दाखवा. अच्युत दिवाळीनंतर परत निघाला, तेव्हा गुलाबरावांनी कॅमेरा, कार्ड आणि बंद पाकिटात निगेटिव्ह त्याच्या हाती दिले.

"काय झालं भाऊजी, नवा त हाय," अच्युत म्हणाला.

"रोल सरकत नाई. त्यायले म्हना, बारकाईनं पाहा. दोष हाय म्हंजे हाय."

"अन् नसला त?"

"असनारच," गुलाबराव म्हणाले. आवाज जरा चढला होता, म्हणून कलावतीबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

ते वर्ष गुलाबरावांनी कसं काढलं ते त्यांनाच ठाऊक. हयातभर दोष शोधून माल परत पाठवणारा हा माणूस रोज देवापुढे उभा राहून एकच मागत होता, माझ्या मालात दोष निघू दे. कलावतीबाई खोकल्या तरी हे पाण्याचा तांब्या घेऊन हजर. सुमेधाच्या बसला उशीर झाला तर सायकल काढून चौकात. एक दिवस त्यांनी तो खिळाच उपटला. कलावतीबाईंनी दुसऱ्या दिवशी पाट्यावरच्या वरवंट्यानं तो पुन्हा ठोकला.

"कावून काढला होता? कॅलेंडर का डोक्यावर टांगू?"

खिळा त्यांनी मग तसाच राहू दिला. पण त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसणं त्यांनी सोडलं. वेताच्या खुर्चीवर कोणी बसलं की ते त्याला उठवून दुसरीकडे बसवायचे. त्या जागेवर काहीतरी आधीच टांगलेलं आहे आणि आपल्याला दिसत नाही एवढंच, असं त्यांना वाटू लागलं होतं. दुपारचं ऊन भिंतीवर यायचं, तेव्हा कॅलेंडरच्या मागून चंदनाचा वास येतो, असंही एकदा वाटलं. ते जवळ गेले, भिंत हुंगली आणि स्वतःचीच लाज वाटून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पुढच्या दसऱ्याआधी अच्युत आला तो हसतच. "भाऊजी, ग्यारंटी संपायच्या आत दाखवला बरं. सारा खोलून पाहिला त्यायनं. दोष आढळला नाही. रोल बराबर सरकते. निगेटिव्ह बी पाहिल्या. म्हने एकावर एक काही चढलं नाई. जे समोर होतं तेच आलं हाय. वरून फुकटात साफ करून देला."

गुलाबराव मटकन खाली बसले. अच्युतला वाटलं, आनंदानं.

त्या दिवशी अच्युत बाजारात गेला, सुमेधा कॉलेजात होती, आणि कलावतीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "आता सांगा. सालभर झाला, मी पाहून राहिले. भिंतीले का पाहाता?"

त्यांनी दोन्ही फोटो काढून दिले. कलावतीबाईंनी चष्मा लावून पाहिले. घाबरल्या नाहीत असं नाही. पण त्यांची रीत वेगळी होती. "फ्लॅशनं तोंड झाकलं हाय. बिनफ्लॅशचा काढा. उजेड हाय ना एवढा."

"मले नाई पाहायचं."

"मले पाहायचं हाय. माही पोरगी हाय ह्या घरात."

दार-खिडक्या सताड उघडून त्या खुर्चीवर बसल्या. गुलाबरावांनी श्वास रोखून बटण दाबलं. रोल धुऊन आला तेव्हा दोघांनी पाकीट एकत्रच उघडलं. चौकट होती, हार होता. या वेळी काच अगदी स्वच्छ होती, आणि तिच्यामागे होता नुसता पांढरा कागद.

"कोराच हाय," गुलाबराव म्हणाले. वर्षभर धरून ठेवलेला श्वास त्यांनी सोडला. "म्हंजे कोनीच नाई."

"कोनी नाई त हार कोनाले?" कलावतीबाईंनी फोटो खिडकीपाशी उजेडात धरला. मग हळूच म्हणाल्या, "ह्या घरात फोटू कोनाचा नाई?"

गुलाबरावांच्या डोळ्यांसमोरून अल्बम सरकला. सुमेधा पाळण्यापासून कॉलेजपर्यंत. कलावती मंगळागौरीत, कलावती मैत्रीबागेत. गल्लीतली झाडून सगळी माणसं. लग्न खेड्यातलं, तिथं फोटोवाला नव्हताच. त्यानंतर जिथं जिथं फोटो निघाला तिथं कॅमेरा यांच्याच हातात होता.

"गेटपासवर हाय ना माहा," ते म्हणाले.

"तो काय फोटू हाय? त्याच्यात तुमी चोरावानी दिसता."

गुलाबराव हसले. अगदी मनापासून हसले, कारण खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटत होतं. कलावतीबाई चिडल्या. "हासून काय राहिले?"

"तू नाई, पोरगी नाई. मले अजून काय पायजे?"

कलावतीबाईंच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. पदरानं चेहरा पुसून त्या उठल्या आणि टेबलावरचा कॅमेरा उचलून त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "बसा तिथं."

"कावून?"

"रिकाम्या चौकटीले हार घालनार नाई मी."

कसं धरायचं, कुठं दाबायचं ते गुलाबरावांनीच शिकवलं. गेटपासचा सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा ते कॅमेऱ्यासमोर बसले, आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. कलावतीबाई म्हणाल्या, "पास म्हना." ते "पास" म्हणाले, आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं.

तो फोटो स्वच्छ आला. मागे कॅलेंडर, खिळा, पांढरी भिंत, आणि पुढे गुलाबराव, ओठांवर अर्धा शब्द. भिंग लावून त्यांनी कोपरान् कोपरा पाहिला. चौकट नव्हती. "मालात दोष होता, आता गेला," असं ते अच्युतला म्हणाले. कलावतीबाईंनीही मानायचं ठरवलं. तो हिवाळा ढोमण्यांच्या घरात सुखाचा गेला, असं सुमेधा अजूनही सांगते.

फाल्गुनात एका सकाळी ड्युटीवर निघताना ते ओट्यासमोर सायकलमध्ये हवा भरत होते. पंप खाली पडल्याचा आवाज आला, म्हणून कलावतीबाई बाहेर धावल्या. तोवर ते गेले होते.

फोटो मोठा करून चौकटीत बसवला, त्याला चंदनाचा हार घातला. पण त्या खिळ्यावर लावायचा नाही, यावर कलावतीबाई अडून बसल्या. देवघराशेजारच्या फळीवर तो उभा असे. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून सुमेधाचं स्थळ घाईनं पक्कं झालं, क्वार्टरची मुदत तेवढ्यापुरती वाढवून मिळाली, आणि तुळशीच्या लग्नानंतर दारात मांडव पडला. माणसांची ही गर्दी. कलावतीबाई तांदळाची परात घेऊन बाहेर आल्या तर समोरच्या खोलीत अच्युत उभा. फळीवर कोणी सामान ठेवायला घेतलं होतं, म्हणून त्यानं फोटो उचलून भिंतीवर टांगला होता. बाप पोरीच्या पाठीशी असावा, एवढाच त्याचा भाबडा विचार. सुमेधा आईचं हिरवं लुगडं नेसून वेताच्या खुर्चीवर बसलेली. अच्युतच्या डोळ्याला तोच काळा कॅमेरा. कलावतीबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि फ्लॅश उडाला.

पाठवणी झाली, पाहुणे गेले, मग फोटो आले. कलावतीबाईंनी त्यातला तो एक वेगळा काढला. ट्रंकेच्या तळाशी ग्यारंटीच्या कार्डाजवळ ठेवलेला पहिला फोटो त्याच्याशेजारी ठेवला. हार तसाच. चौकट तशीच उजवीकडे कललेली. काचेवरचा पांढरा डागही तिथंच, चेहऱ्यावर. सुमेधा तेवढी थोडी वाळली होती.

त्यांनी वर पाहिलं. भिंतीवरची चौकट अजून कललेलीच होती. ती सरळ करायला त्या उठल्या, हात लावला आणि तसाच ठेवला. काचेमागून गुलाबराव अर्धा शब्द ओठांवर घेऊन बघत होते.

"पास हाय," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही फोटो कार्डासोबत ट्रंकेत ठेवून त्यांनी क्वार्टर आवरायला घेतलं.