खातरजमाकाकांचं कुलूप

धक्क्यावर त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठ फिरली की खातरजमा. डिझेल भरलं की टाकीत काठी घालून बघायचं, बर्फाची लादी घेतली की आत भुसा तर नाही ना म्हणून उन्हात धरून बघायची, घराला कुलूप लावून दहा पावलं गेलं की परत येऊन ते ओढून बघायचं. त्यांची बायको शेजारणींना सांगे, "लग्नाच्या दिवशी हे सारखे वळून वळून माझ्याकडे बघत होते. मी आपली लाजतेय. नंतर कळलं, ठरलेली तीच मुलगी आहे ना, याची खातरजमा चालली होती."

पण काका जन्मापासून असे नव्हते. संशयाचं हे भूत त्यांच्या मानगुटीवर बसलं ते अकरा वर्षांपूर्वी, एका सकाळी. त्या खाडीत बोटी बांधायची पद्धत अशी, की पुढून धक्क्याच्या खुंटाला दोर आणि मागून पाण्यात नांगर. त्या सकाळी काकांनी मागची साखळी ओढली तर ती अलगद वर आली. टोकाला नांगर नव्हता.

नांगर वडिलांचा होता. एक पातं वाकलेलं, आणि ते सरळ करताना वडिलांनी घातलेले घणाचे तीन घाव त्यावर स्पष्ट दिसत. वडील गेल्यावर मोठी बोट आणि नांगर थोरल्याकडे आले, लहान बोट धाकट्याकडे गेली. धाकटा तेव्हा एवढंच म्हणाला होता, की बोट तुझीच दादा, पण नांगर मिळाला असता तर बरं वाटलं असतं. हे वाक्य काकांनी मनात घडी घालून ठेवलं होतं. त्यात नांगर जायच्या आदल्याच दिवशी धाकटा त्यांच्याकडून पाना मागून घेऊन गेला होता. साखळी कापलेली नव्हती, तिचा शेवटचा दुवा शाबूत होता. म्हणजे कोणीतरी निवांत बसून, साखळीला नांगर अडकवणाऱ्या जोडकडीची पिन पान्याने फिरवून तो सोडवला होता. काकांना आणखी पुरावा नको होता.

त्यांनी तडक जाऊन विचारलं, "नांगर कुठे ठेवलास?" धाकट्याला ती थट्टा वाटली आणि तो हसला. ते हसणंच काकांनी कबुलीजबाब म्हणून धरलं. मग त्यांनी भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली, धाकट्याचं परसदार काठीने टोचून बघितलं, तो नसताना त्याच्या बोटीच्या फळ्या उचलल्या. नांगर मिळाला नाही, आणि भाऊ होता तोही गेला. दोघांच्या बोटी शेजारीशेजारी बांधलेल्या, घरं एकाच गल्लीत, आणि बोलणं मात्र मर्तिकाबारशापुरतं. त्या दिवसापासून काकांच्या बोटीला पुढून दोराच्या जागी मनगटाएवढी साखळी आली आणि साखळीला मुठीएवढं कुलूप. चावी गळ्यात.

तर आता वादळ येत होतं. साधंसुधं नाही, चक्रीवादळ. बंदर खात्याची जीप सकाळपासून भोंगा वाजवत फिरत होती, की दुपारी दोनच्या आत सगळ्यांनी शाळेच्या इमारतीत जावं. धक्क्यावर एकच धांदल उडाली होती. कोणी टपावरची ताडपत्री उतरवत होतं, कोणी जाळी काढून गाडीत भरत होतं, कोणी दोन बोटींच्या मध्ये जुने टायर लटकवत होतं. जिथे दोर लाकडावर घासतो तिथे कापडी नळीचे तुकडे गुंडाळायचं काम चाललं होतं, कारण वादळात दोर ताणाने तुटत नाही, घासून तुटतो. पाणी उपसायच्या पंपांच्या बॅटऱ्या चार्ज होत होत्या. काकांनी हे सगळं कालच केलं होतं, आणि आज पहाटे पुन्हा तपासलं होतं.

राहिलं होतं फक्त कुलूप. धक्क्याचा नियम जुना होता. वादळात कोणी कुलूप लावायचं नाही आणि गाठ अशी मारायची की दुसऱ्याला सोडता यावी. कारण बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन माणसं थांबत. पाणी चढू लागलं, की वारा अंगावर घेता येईल तोवर ती खाली उतरून प्रत्येक बोटीच्या दोराला ढील देत. ढील मिळाली नाही तर बोटीचं तोंड खाली ओढलं जाणार, वरून पाणी भरणार आणि बोट उभ्या जागी बुडणार. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काकांनाही होतं. पण या वेळी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिघांत धाकट्याची चिठ्ठी निघाली.

चिठ्ठ्या कोणाच्या टोपीत टाकल्या होत्या, हे काकांनी लगेच विचारून घेतलं. टोपी धाकट्याच्या मित्राची होती. घ्या. मग त्यांना एकेक गोष्ट दिसू लागली. धाकटा सकाळपासून तीनदा त्यांच्या बोटीपाशी येऊन गेला होता. एकदा त्याने साखळी हाताने मोजली. मग तो धक्क्याच्या मुकादमाच्या कानाला लागला, आणि काका जवळ जाताच दोघं गप्प झाले. सगळे शाळेत गेल्यावर धक्का ओसाड असणार, बोटीत नवं इंजिन आहे, आणि चावी जाणार कोणाच्या हाती, तर याच्या. नांगर नेला, आता काय न्यायचंय, असं काकांच्या ओठांपर्यंत आलं होतं.

मुकादम अजिजीने म्हणाला, की काका, चावी द्या किंवा दोर लावा, तुमची एक बोट बुडाली तर तिच्या धक्क्याने शेजारच्या चार जातील. काका म्हणाले, बघतो. बायको पिशव्या भरून धक्क्यावर आली होती. तिने नेहमीच्या थंड आवाजात सुनावलं, "तुमचा भाऊ चोर असेल तर मोठा आळशी चोर म्हणायचा. अकरा वर्षांत एकच वस्तू नेली, आणि तीसुद्धा कधी वापरली नाही." काकांनी न ऐकल्यासारखं केलं. पण ही बोट गेली तर या वयात दुसरी होणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. चावी दिली तर चोराच्या हाती, न दिली तर पाण्याच्या. त्यांचा हात गळ्याकडे जात होता आणि परत खाली येत होता.

साडेबाराच्या सुमारास पाणी मागे जाऊ लागलं. ओहोटीची वेळ होतीच, पण वारा जमिनीकडून समुद्राकडे असा सुटला होता की खाडीतलं पाणी त्याने बाहेर लोटून दिलं. बोटी एकेक करून गाळात बसल्या. हाकाटी थांबली. एवढा तळ धक्क्यावरच्या कोणी कधी पाहिला नव्हता. फुटक्या बादल्या, एक सायकल, कोणाचा तरी बूट, सगळं उघडं पडलं. म्हातारा जाळीवाला म्हणाला, की लवकर आटपा, एवढं मागे गेलेलं पाणी रिकाम्या हाताने परत येत नाही.

काका बोटीच्या मागच्या टोकाला उभे राहून स्वतःच्या नांगराची खातरजमा करत होते. तो होता. आणि त्याच्या पलीकडे, जेमतेम आठ-दहा हातांवर, गाळातून आणखी एक पातं वर आलं होतं. वाकलेलं.

ते तसेच खाली उतरले. गुडघाभर गाळ तुडवत गेले आणि हाताने चिखल पुसू लागले. घणाचे तीन घाव बोटांना लागले. मग त्यांनी दांडा वर ओढला. वरच्या कड्यात जोडकडी लटकत होती. गंजलेली, पण अख्खी, आणि तोंड उघडं. पिन नव्हती. कडीवर तार पिळल्याचा मागमूसही नव्हता.

वडील लहानपणी दोघांनाही बजावायचे, की पिन पान्याने कितीही आवळा, साखळी हलते आणि आटे आपोआप सुटतात, म्हणून पिनेच्या भोकातून तार ओवून ती कडीला पिळून बांधल्याशिवाय नांगर पाण्यात टाकायचा नाही. ती कडी बसवली होती काकांनी स्वतः. त्या संध्याकाळी तार संपली होती, म्हणून त्यांनी ते काम उद्यावर टाकलं होतं. उद्या आला तेव्हा नांगर नव्हता आणि त्यांच्या डोक्यात चोर शिरला होता. मग तार राहिली होती हे त्यांना एकदाही आठवलं नाही. अकरा वर्षं त्यांनी नांगर सगळीकडे शोधला होता, फक्त पाण्यात सोडून. काकांना शरमेने गाळातच खाली बसावंसं वाटलं.

मागे चिखलाचा आवाज झाला. धाकटा येऊन उभा होता. त्याने नांगर पाहिला, कडी पाहिली आणि भावाचं तोंड पाहिलं. त्याला सांगायची गरज नव्हती, शिकवण एकाच बापाची होती.

"आई आजारी होती," धाकटा म्हणाला, "तेव्हा तू मला तिच्या कपाटाजवळ एकटं बसू दिलं नाहीस. नांगराचं मी कधीच सोडून दिलं होतं, दादा. ते नाही सुटलं."

काका नांगरावरचा चिखल पुसत राहिले. धाकट्यानेच नांगराच्या दांड्याला हात घातला. म्हणाला, वेळ नाहीये, उचल, दुसरा नांगर म्हणून लावू. दोघांनी तो ओढत बोटीच्या मागच्या टोकापाशी आणला. मुकादमाने नवी कडी आणि जुनी साखळी वरून टाकली. काकांनी पिन आवळली, खिशातून तार आणि पक्कड काढली, आणि दोन्ही धाकट्यापुढे धरल्या.

"तू बांध."

धाकट्याने हात मागेच ठेवले. "आणि सुटला तर?"

"सुटला तर तार मीच विसरलो, असं सांगेन. मागच्या वेळेसारखी." काका वर धक्क्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मागच्या वेळी मीच विसरलो होतो. हा चोर नाही. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

धाकट्याने तार ओवली, पिळली आणि टोक आत दाबलं. तोवर काकांनी वर चढून कुलूप काढलं, साखळी ओढून बाजूला टाकली आणि खुंटाला दोर बांधला, कोणालाही सहज सोडता येईल अशा गाठीने. वारा आता फिरू लागला होता. मुकादम सगळ्यांना हाकलत होता.

काका बायकोबरोबर निघाले. दहा पावलं गेले आणि थांबले. मुकादमाने कपाळावर हात मारला. सगळ्यांना वाटलं, आता हे परत येऊन तार तपासणार. काका परत आले खरे, पण बोटीकडे न जाता धाकट्याजवळ.

"पाणी फार चढलं तर माझ्या बोटीसाठी खाली उतरू नकोस," ते म्हणाले. "जाऊ दे ती."

"मग नंतर विचारशील, बोट कुठे ठेवलीस," धाकटा म्हणाला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदा काकांसमोर हसला, आणि ते हसणं काकांना हसण्यासारखंच दिसलं.

वादळ संध्याकाळी आलं आणि रात्रभर राहिलं. शाळेच्या वर्गात काका बाकावर बसून होते, डोळ्याला डोळा लागला नाही. बायको म्हणाली, की बोट राहील हो. ते म्हणाले, बोटीचं कोण बोलतंय?

उजाडल्यावर वाट मोकळी झाली तसे ते सर्वांच्या आधी निघाले. धक्क्यावर लाकडं, पत्रे आणि जाळ्यांचा चिखल झाला होता. दोन बोटी उलटल्या होत्या. त्यांची बोट डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्यावर तरंगताना दिसत होती, पण त्यांनी मान वळवली नाही. ते बर्फाच्या कारखान्याचा जिना चढून वर गेले. दोघं जण खिडकीशी चहा उकळत होते. धाकटा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता, ओला, हाताचे तळवे दोराने सोललेले.

काका त्याच्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी त्याच्या नाकापाशी बोट धरून बघितलं. श्वास लागत होता. त्यांनी हात मागे घेतला, थोडं थांबले, आणि पुन्हा एकदा बोट धरून बघितलं.