नानांचा रेडिओ

आज सकाळी ॲम्प्लिफायरला सोल्डर लावताना त्यातल्या राळेचा धूर नाकात गेला आणि मी थेट पुणतांब्याच्या आमच्या ओट्यावर जाऊन बसलो. समोर माझे चुलते, नाना, मांडीवर रेडिओ घेऊन. "आवाज लई बारीक झालाय रं. बाजारभाव ऐकूच येत न्हाई."

इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांवर तेव्हा माझी भारी श्रद्धा. कंडेन्सर बदलले, मोठा स्पीकर जोडला. रेडिओ असा गरजला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस बिथरली. नानांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला. "अजून बारीकच हाय."

बिघाड रेडिओत नव्हता, नानांच्या कानात होता. मी चुलतीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. "बघतो नाना, एखादा जोड सुटला असंल," म्हणत मी धड असलेलेच जोड पुन्हा वितळवत बसलो. नाना त्या धुराकडे आशेनं बघत होते. मला त्यांची कीव आली होती.

आजचा ॲम्प्लिफायर जोडून झाला, पण आवाज पडलेलाच. आकृतीशी पुन्हा ताडून पाहिलं, सगळं बरोबर. तेवढ्यात बायको दोन्ही कानांवर हात दाबून दारात आली. तिचे ओठ हलत होते.

"एखादा जोड सुटला असंल," मी तिला म्हणालो, आणि सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापत ठेवलं.