किती उशा?

वागळेबाई कुणालाही 'कसं वाटतंय?' असं विचारत नसत. घाटकोपरच्या इस्पितळात हृदयाचे पेशंट त्या बघायच्या आणि समोर माणूस बसला रे बसला की पहिला प्रश्न असायचा, "रात्री किती उशा?" नवखा माणूस गोंधळून जाई. आमचे बाबा तर चक्क आईकडे बघायला लागले, उशांचं खातं तिच्याकडे असल्यासारखं. मग बाईंनी समजावून सांगितलं. हृदय थकलं की छातीत पाणी साठतं, सपाट निजलं की जीव गुदमरतो, म्हणून माणूस एकीवर दुसरी उशी चढवत जातो. "माणसं लाजून खोटं बोलतात, उशा बोलत नाहीत," हे बाईंचं लाडकं वाक्य होतं, आणि ते त्या न कंटाळता सगळ्यांना ऐकवत.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे. आम्ही विक्रोळीला चाळीत राहत होतो. बाबा एका कारखान्यात रंगकामाच्या खात्यात होते आणि मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. एका दुपारी बाबा कामावरच धापा टाकू लागले, ओठ निळे पडले, आणि चौघांनी उचलून त्यांना वागळेबाईंच्या वॉर्डात नेलं. ते वाचतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. बाईंनी वाचवलं. घरी सोडायच्या दिवशी आईने पेढ्यांचा पुडा पुढे केला, तर बाईंनी हातसुद्धा लावला नाही. "घरी सोडलं म्हणजे सुटलात असं नाही हां. इथून चालत जातात पुष्कळ, त्यांतल्या कितीकांना परत उचलून आणतात. हे तसे परत नाही आले की मग पेढे." आई हिरमुसली. मलाही राग आला. गोड शब्द बोलायला बाईंचं काय जात होतं? मिठापायी बाबांना सुकट आणि पापड बंद केले तेव्हाही अशाच म्हणाल्या, "खाल्लंत तर इथे मला भेटायला यावं लागेल, आणि मला तुमची काही ओढ नाहीये."

खोटं होतं ते. ओढ होती. रविवारी सकाळी बाई न कळवता पेशंटांच्या घरी जात. हातात भाजीची पिशवी, तीतून कोथिंबीर बाहेर आलेली आणि तळाशी स्टेथोस्कोप. कुणी चहा केला तर पीत, पण पीत पीत फडताळातल्या लोणच्याच्या बरणीवर नजर ठेवत.

त्या वर्षी गावच्या गणपतीची पाळी आमच्याकडे होती. भावकीत फिरत फिरत ती पुष्कळ वर्षांनी आली होती आणि बाबांनी एकच धोशा लावला होता, "गणपतीक माका जाऊकच व्हया." निघण्याआधी त्यांना बाईंकडे नेलं. बाईंनी छाती तपासली, पाय दाबून पाहिले. किंचित सूज होती. "किती उशा?" बाबा ताठ बसून म्हणाले, "एकच, बाई." बाईंनी जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. जा. पण जपून."

एसटीची तिकिटं आली, आईने मखराचं सामान बांधलं. निघायच्या आदल्या रविवारी बाई दारात उभ्या. बाबा अजून अंथरुणातच होते, म्हणजे भिंतीशी. पाठीमागे गुंडाळून उभी केलेली वळकटी, तिला टेकून ते बसल्याबसल्या पेंगत होते आणि मानेखाली होती एक उशी. अगदी एकच.

बाई उंबऱ्यातच थांबल्या. "हे असे कधीपासून निजतात?"

आई म्हणाली, "हल्ली रोजच वळकटेक टेकान निजतत. पाठीक बरां वाटता."

"आणि मला एक उशी सांगितलीत!"

बाबा जागे झाले होते. जराही ओशाळले नाहीत. "तुमी उशी इचारलात, मी उशी सांगलंय. वळकटी कोणी इचारूक नाय."

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. पण त्या पिशवी बाजूला ठेवून जमिनीवरच बसल्या आणि आमच्या खोलीभर नजर फिरवली. पाच माणसांचं घर आणि उशा तीन. बाबांनी चार मागितल्या असत्या तरी आणायच्या कुठून? "चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी माझ्या घरातला प्रश्न तुमच्या घरात विचारला."

बाबांना त्याच दिवशी पुन्हा इस्पितळात नेलं. एसटीत बसले असते तर घाटातच संपले असते, असं बाई मला नंतर म्हणाल्या. गणपती काकाने बसवला. बाबा आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंनी मात्र राउंडला सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर, बाबांच्या कॉटशी उभं राहून, आपली चूक जशीच्या तशी सांगितली. एवढ्या मोठ्या डॉक्टरने असं काही करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. माझा राग तिथेच संपला.

तेव्हापासून त्यांचा प्रश्न बदलला. "निजून दाखवा." ओपीडीतल्या बाकड्यावर माणसं लाजत लाजत आडवी व्हायची. एक आजोबा तर खरोखर घोरायला लागले. "उत्तम!" म्हणून बाईंनी पुढचा पेशंट उभ्यानेच तपासला. पुढच्या वर्षी बाबाही त्या बाकड्यावर सपाट निजले, छताकडे बघत, श्वास न लागता. बाई शेजारी उभ्या राहून पुष्कळ वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "जा गावाला. आणि येताना पेढे आणा." पाळी आमची नव्हती, पण आरतीचं तबक भावकीने बाबांच्याच हातात दिलं. परत आल्यावर नेलेले पेढे बाईंनी ओपीडीतच, तिथल्या तिथे खाल्ले, दोन.

बाबा त्यानंतर काही वर्षं चांगले जगले. ते गेले तेव्हा बाई आईशेजारी येऊन बसल्या.

निवृत्तीनंतर त्या मुलुंडला एकट्या राहत. मी अधूनमधून जायची. शेवटच्या खेपेला गेले तर बाई खिडकीशी आरामखुर्चीत होत्या. पलंगावरची चादर अजिबात चुरगळलेली नव्हती.

"किती उशा, बाई?" मी चेष्टेत विचारलं.

"एकच गं."

"निजून दाखवा."

बाई हसल्या. खुर्चीतून उठल्या मात्र नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी मला खरं तेच सांगितलं होतं. खोटं मी बोलतेय." मी त्यांच्या पायांत चपला सरकवल्या आणि रिक्षा आणायला खाली धावले.